नक्कल पारखावी मराठीवर

बिल जॉय यांच्या 'व्हीआय' (१९७६) या संपादकात एकाच कळीला दोन कामे असतात. लेखन-अवस्थेत 'जे' हे अक्षर उमटते. आज्ञा-अवस्थेत तीच कळ एक ओळ खाली नेते. इतर संपादकांतील याची नक्कल केवळ इंग्रजी मजकुरावर तपासून 'जमली' म्हणणे आम्हाला अपुरे वाटते. एकोडीच्या विद्यार्थ्याने प्रोग्रॅममध्ये मराठी टीप लिहिली तर? इनस्क्रिप्टमध्ये त्या कळीवर 'र' आहे. आज्ञा-अवस्थेतही 'र'च पोहोचला, तर आज्ञा वाया जाते. 'व्हिम'मध्ये कळफलक लेखनापुरता बदलण्याची सोय आहे. नकलेत आहे का, ते पाहावे. मग 'क्षितिज' लिहा. डोळ्यांना अक्षरे ३, युनिकोडमध्ये संकेत ७. खोडण्याची एक आज्ञा यांतले किती खोडते, हे मुलांनी मूळ आणि नक्कल दोन्हींत मोजावे.