बेटावरचे बिऱ्हाड

लहान मुलांना घेऊन परक्या मुलखात बिऱ्हाड थाटणे म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातील वाचकाला वेगळे सांगायला नको. कोणी बदलीमुळे, कोणी धंद्यासाठी, तर कोणी सून म्हणून येऊन हे केलेले आहे. म्हणूनच जेरल्ड डरेल या इंग्रज लेखकाचे ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ (१९५६) हे पुस्तक केवळ प्राण्यांच्या गमतीजमतींचे म्हणून वाचले जावे, हे मला पटत नाही.

१९३५ साली एक विधवा आई चार मुलांसह इंग्लंड सोडून ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहायला जाते. धाकटा जेरल्ड तेव्हा दहा वर्षांचा. १९३९ मध्ये युद्धाची चाहूल लागल्यावर मुक्काम हलतो. मधल्या काळाची ही हकीकत आहे. लिहायचे होते बेटावरच्या जीवसृष्टीविषयी, पण घरच्या माणसांना पहिल्या पानांत शिरू दिले आणि त्यांनी पुस्तकच बळकावले, अशी लटकी तक्रार लेखक आरंभीच करतो. वाचकाच्या दृष्टीने ते बरेच झाले.

घर लागण्याचा प्रसंग पाहा. आईची अट एकच: घराला न्हाणीघर हवे. वाटाड्या एकामागून एक बिनन्हाणीची घरे दाखवतो. टॅक्सीवाल्यांच्या गलक्यात कुटुंब भांबावून उभे असता स्पायरो नावाचा टॅक्सीवाला पुढे होतो. अमेरिकेत राहून आल्यामुळे त्याला इंग्रजी येते. घर तोच शोधतो, जकातीत अडकलेले सामान तोच सोडवतो, बाजारात घासाघीसही तोच करतो. परमुलखात आपली भाषा समजणारा एक माणूस भेटला की निम्मे बिऱ्हाड लागले, हा अनुभव आपल्याकडे कोणाला नाही?

छोट्या जेरल्डला मात्र असा दुभाष्या लागत नाही. तो मेंढपाळांमागे, शेतकऱ्यांच्या अंगणांत, ऑलिव्हच्या बागांत हिंडतो. आधी नुसता कलकलाट वाटणाऱ्या बोलण्यातून हळूहळू ध्वनी सुटे होतात, त्यांना अर्थ येतो आणि एके दिवशी तो स्वतःच अडखळत बोलू लागतो. शेजारी कुंपणावरून वाकून त्याची मोडकी ग्रीक लक्ष देऊन ऐकतात, पाठ थोपटतात. मूल शेजारची भाषा कसे उचलते याचे इतके खरे वर्णन मी क्वचितच वाचले आहे. शाळेतली सक्ती नाही की घरातली धास्ती नाही.

पण इथेच माझी या पुस्तकाविषयीची तक्रार सुरू होते. जेरल्डच्या तुटक्या ग्रीकला शेजाऱ्यांनी माया दिली. स्पायरोच्या तुटक्या इंग्रजीला लेखकाने काय दिले? शब्दाशब्दाला ‘स’ जोडून बोलणारा स्पायरो हा पुस्तकभर हशाचा विषय आहे. लेखक त्याच्यावर प्रेम करतो, घरच्यांनाही सोडत नाही, हे मान्य. पण घरच्यांना हसतो ते त्यांच्या स्वभावाला, आणि स्पायरोला हसतो ते त्याच्या जिभेला. ज्या जिभेच्या जोरावर बिऱ्हाड लागले तिचीच ही टवाळी. आपले कानडी ऐकून कोणी हसले की आपल्याला लागते; आणि कानडी माणसाच्या मराठीच्या नकला आपल्या घरांतून सर्रास होतात.

दुसरी उणीव आईची. लुईझाबाईंचा जन्म रुरकीचा, जेरल्डचा १९२५ मधला जमशेदपूरचा. १९२८ मध्ये पती वारल्यावर त्या मुलांसह इंग्लंडला गेल्या. म्हणजे कॉर्फू हे सात वर्षांतले त्यांचे दुसरे स्थलांतर. पहिल्याच प्रकरणात त्या राजपुतान्यातील सोप्या पाककृतींच्या पुस्तकात गढलेल्या दिसतात. लेखक त्यावर हसून पुढे जातो. हातातून सुटलेला मुलूख ती बाई त्या पानांत शोधत असेल का, असे मला वाटत राहते. गंमतीसाठी वास्तवाला मुरड घालणे लेखकाला नवे नाही. थोरला लॉरेन्स त्या वेळी विवाहित होता आणि बराच काळ वेगळा राहत होता. पुस्तकात तो घरातच आहे आणि पत्नी नॅन्सीचा मागमूसही नाही.

आपल्याकडे प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला (१९९४) लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. त्याच्या बोलण्यातले कानडी शब्द संतांनी टिंगलीसाठी वापरलेले नाहीत. तीच त्या मुलाची भाषा आहे. नव्या घरात रुळण्यातला आनंद आणि त्याखालची हुरहूर संतांकडे एकत्र नांदतात. डरेलकडे आनंदच फार.

पुस्तकातले माझे आवडते पात्र डॉ. थिओडोर स्टेफनिडीस. जेरल्डला खिशात मावणारे सूक्ष्मदर्शक देणारे आणि त्याचे प्रश्न थोरामोठ्याचे असल्यासारखे ऐकणारे. या गृहस्थांचा जन्म १८९६ मधला, मुंबईचा. आईबाप ग्रीक, पण लहानपणीची भाषा इंग्रजी. अकराव्या वर्षी कॉर्फूला आल्यावर ते ग्रीक शिकले आणि पुढे त्यांनी ग्रीक कविता इंग्रजीत नेल्या. उशिरा मिळालेली भाषा उपरीच राहते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हे पुस्तक मुलांना जरूर वाचून दाखवावे. ती पोट धरून हसतील. स्पायरोच्या बोलण्याशी मात्र क्षणभर थांबून त्यांना विचारावे, “त्याला आपली भाषा येते, आपल्याला त्याची किती येते?”