अवतरणचिन्ह कुणी गिळलं?

चेकवर 'सेल्फ' लिहिलेलं असलं, म्हणून आमचा कॅशियर 'अहो मिस्टर सेल्फ!' अशी हाक मारत नाही. शब्द कुठे नुसता शब्द आहे आणि कुठे माणूस, हे त्याला न सांगता कळतं. संगणकाला कळत नाही, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार आहे ती ज्युलियाबद्दल. (गैरसमज नको. ही 2012 साली जाहीर झालेली संगणकाची भाषा. भाच्याच्या नोकरीमुळे घरात आली.)

या भाषेत प्रोग्रामकडूनच प्रोग्राम लिहून घेता येतो. म्हणजे हेड ऑफिसच्या एका परिपत्रकातून शाखांची परिपत्रकं आपोआप निघावीत, तसं. समजा, निघणाऱ्या मजकुरात 'शिल्लक नावाचा रकाना वाच' असं घालायचंय. शिल्लक हे नुसतं नाव, म्हणून त्याच्याआधी विसर्गासारखी दोन टिंबं. पण डॉलरचं चिन्ह लावून ते मजकुरात सोडलं, की टिंबं उंबऱ्यावरच गळतात! आत जातो तो उघडाबोडका 'शिल्लक'. मग यंत्र त्या नावाच्या गृहस्थाला शोधत सुटतं. नाही सापडला तर निदान बोंब तरी मारतं. सापडला आणि त्याच्या खिशात 'व्याज' अशी चिठ्ठी निघाली, तर मुकाट्यानं व्याजाचा रकाना वाचून येतं. ताळेबंदाचं काय होईल ते होवो!

उपाय आहे. नाव 'क्वोटनोड' नावाच्या पाकिटात घालून सोडायचं. पण शेजारीच 'मेटा क्वोट' हे दुसरं पाकीट. साध्या नावाला दोन्ही सारखीच. आत पुन्हा डॉलर असलेलं अख्खं वाक्य भरलं, तर हे दुसरं तो डॉलर उघडू देतं, पहिलं देत नाही. एका कामाला दोन फॉर्म, हे मी पगार घेऊन सोसतो, फुकट कशाला सोसू? जॉन मॅकार्थींची लिस्प 1958 ची. तिथे स्वल्पविरामाआधी एक टिकली लावली की भागतं.

आपल्या पाणिनीनं तर नियमच उलटा केला. व्याकरणात शब्द आला की तो शब्दच, पारिभाषिक संज्ञा तेवढ्या वगळून. 'अग्नी'ला प्रत्यय लावा म्हटल्यावर कुणी चुलीकडे धावू नये, ही सोय. प्रोग्रामात बहुतेक नावं आतल्या किमतीसाठीच येतात, तेव्हा तिथे हा नियम चालायचा नाही, हे कबूल. पण चूक होते मजकूर लिहिताना, आणि ओरडा होतो तो चालवताना, भलत्याच खिडकीवर. तिथला बाबू मान वर न करता म्हणतो, ''शिल्लक? या नावाचं इथे कोणी बसत नाही.''