पानसरे, गोविंद पंढरीनाथ

(१९३३–२० फेब्रुवारी २०१५). कामगार कायद्याचे जाणकार, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे नेते व प्रबोधनपर लेखक. जन्म अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोल्हार येथे. शिक्षणासाठी कोल्हापुरास आले व तेथेच स्थायिक झाले. एल्‌एल्‌. बी. होऊन त्यांनी वकिली केली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. चार दिवसांनी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शिवाजी कोण होता? (१९८८) ही व्याख्यानातून सिद्ध झालेली त्यांची पुस्तिका सर्वाधिक गाजली. शीर्षकातील एकेरी क्रियापद काहींना खटकले. वस्तुतः ग्रंथाचा सूर आदराचाच आहे. तीत लढायांना दुय्यम स्थान आहे. राजे येत-जात, रयतेला त्याचे सुखदुःख नसे. मग याच राजासाठी ती जिवावर उदार का झाली, हा तिचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर लेखक महसुलाच्या व्यवस्थेत, वतनदारांना बसलेल्या आळ्यात आणि शेतकऱ्यास उपद्रव न देण्याविषयी सैन्याला दिलेल्या ताकिदीत शोधतो. मांडणी वकिली वळणाची आहे : आधी रूढ समज, मग त्यास छेद देणारा पुरावा. मिर्झाराजे जयसिंग औरंगजेबाच्या बाजूने लढले आणि मराठ्यांच्या आरमारात दौलतखान अधिकारपदी होता, एवढ्या दोन गोष्टींनीच धर्मयुद्धाची कल्पना डळमळीत होते.

नवी कागदपत्रे उजेडात आणण्याचा पुस्तिकेचा दावा नाही. त्याबद्दल तिला दोष देणे अप्रस्तुत ठरेल. तिची खरी उणीव वेगळी आहे. हुकूम निघणे आणि तो अंमलात येणे यांतील अंतर कामगारांचे खटले चालविणाऱ्या लेखकास चांगलेच परिचित असणार. तथापि येथे ते फारसे तपासले जात नाही. रांझ्याच्या पाटलास झालेली शिक्षा हा अंमलाचा पुरावा होय. महसुलाबाबत मात्र विवेचन बहुधा धोरणापाशी थांबते. तसेच सुरतेच्या दोन लुटी (१६६४ व १६७०) आणि चौथाई यांतून आलेल्या धनामुळे स्वराज्यातील कुळावरचा भार किती हलका राहिला, हा अर्थशास्त्रीय प्रश्न मार्क्सवादी लेखकाकडून अपेक्षित होता. त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

वतनदारीचे विवेचन मात्र आजही वाचनीय आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, हे ध्यानात घेतल्यास विषयाची व्याप्ती कळते. पानसरे यांनी शाहूंवरही स्वतंत्र लेखन केले असून ते या पुस्तिकेशी जोडून वाचणे इष्ट.