झिंगाट राहिलं, आडनाव गेलं

रिमेक म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. ‘ओरिजिनलची सर नाही’ किंवा ‘वेगळा सिनेमा म्हणून बघ ना!’ मला दोन्ही पटत नाहीत. माझं काम सॉफ्टवेअरचं. जुनी सिस्टीम नव्या प्लॅटफॉर्मवर हलवताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, की यातलं काय काढलं तर सगळं कोसळेल? रिमेकलाही हाच प्रश्न विचारायला हवा.

‘सैराट’ (२०१६) मधून काय काढलं तर तो कोसळेल? गाणी नाहीत. बुलेट चालवणारी आर्चीसुद्धा नाही, जरी ती सगळ्यांच्या लक्षात राहिली असली तरी. काढता येत नाही ती जात. भर वर्गात प्रिन्स लोखंडे सरांच्या कानाखाली मारतो आणि त्याचं कुणी काही वाकडं करू शकत नाही, तिथंच नागराज मंजुळेंनी शेवट सांगून टाकलेला असतो. आर्ची पाटलांची आहे आणि पारश्या नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळी गोष्ट उभी आहे.

‘धडक’ (२०१८) नं करमाळ्याच्या जागी उदयपूर आणलं, अजय-अतुल ठेवले, झिंगाट हिंदीत नेलं. जात मात्र एखाददुसऱ्या वाक्यात उरकली. राहिलं काय? राजघराण्यातली श्रीमंत मुलगी नि रेस्टॉरंटवाल्याचा मुलगा. हे तर हिंदी सिनेमा आधीपासूनच करतोय. मग ‘सैराट’चे हक्क घ्यायचे कशाला?

शेवट बघा. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची हरखून त्यांना चहा करते. खून आपल्याला दिसत नाही. दिसतं ते लेकरू, त्याची रक्तानं भरलेली पावलं, आणि आवाज पूर्ण बंद. ‘धडक’मध्ये नवरा आणि बाळ मरतं, पार्थवी वाचते. काही जणांना हा बदल धाडसी वाटला. मला तो सोयीचा वाटतो. आर्चीनं ओलांडलेल्या रेषेची शिक्षा आर्चीलाही होते, हे ‘सैराट’चं भयंकर सत्य आहे. पार्थवी वाचली की आपण तिच्यासोबत रडून मोकळे होतो. त्या लेकराकडे बघताना रडूसुद्धा येत नाही.

आता गंमत बघा. त्याच बॅनरनं २०२५ मध्ये ‘धडक २’ काढला. तो मारी सेल्वराजच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ सिनेमाचा रिमेक. दिग्दर्शक शाझिया इक्बाल. इथं नायकाचं नाव नीलेश अहिरवार, आणि आडनाव उच्चारताच खोली बदलते. जात नीट नाव घेऊन येते. हे मोठ्या बॅनरच्या हिंदी सिनेमात क्वचित होतं, त्यामुळे मी त्याच्या बाजूनं आहे. पण नीलेश दलित दिसावा म्हणून सिद्धांत चतुर्वेदीला मेकअपनं सावळा केला, यावर झालेली टीकाही रास्त आहे. ज्या सिनेमाला साचे मोडायचे आहेत, त्यानंच चेहऱ्याचा साचा वापरावा?

‘परियेरुम पेरुमाळ’च्या शेवटीही चहाच आहे. दोन ग्लास आणि मध्ये एक फूल. ना मिठी, ना मनोमिलन. बोलणी सुरू होऊ शकतात, इतकंच. ‘सैराट’मधला चहा विश्वासानं दिलेला आणि विश्वासघातानं संपलेला. या दोन चहांमध्ये जातीबद्दल जेवढं सांगितलंय, तेवढं अख्ख्या ‘धडक’मध्ये नाही.

यावर मित्र म्हणतात, ‘मग डॉक्युमेंटरीच बघ, तिथं सगळं खरं असतं.’ तसंही नाही. ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१) बघा. रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांची ही फिल्म उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’च्या दलित पत्रकार बायकांवर आहे. मीरा हातातल्या स्मार्टफोनवर बातमी करायला आणि इतरांना शिकवायला लागते, ते बघताना अंगावर काटा येतो. फिल्मला ऑस्करचं नामांकन मिळालं. पण मार्च २०२२ मध्ये, सोहळ्याच्या तोंडावर, खुद्द ‘खबर लहरिया’नं जाहीर केलं की हे आमचं अपुरं चित्र आहे. आमचं काम एकाच पक्षाभोवती फिरतं असं यातून दिसतं, आणि ते बरोबर नाही.

मला फिल्म आवडते, तरीही ही तक्रार महत्त्वाची वाटते. डॉक्युमेंटरी हासुद्धा जगलेल्या आयुष्याचा रिमेकच असतो. कितीतरी तासांच्या फुटेजमधून दीड तास निवडायचा, म्हणजे बाकीचं कुणीतरी काढून टाकायचंच. फरक इतकाच की इथं ‘ओरिजिनल’ जिवंत आहे, फोन हातात घेऊन उभं आहे, आणि उलट बोलू शकतं. पारश्या ‘धडक’बद्दल निवेदन काढू शकत नाही.

म्हणून पुढचा रिमेक बघाल तेव्हा ‘ओरिजिनलइतका भारी आहे का’ हे विचारूच नका. काय काढलंय ते शोधा. आणि ते काढल्यानं कुणाची सोय झाली, तेही. बहुतेक वेळा उत्तर मिळेल, आपलीच. बघणाऱ्याची.