‘काँग्रेस सिस्टिम’ आणि गोव्याचा कौल

रजनी कोठारींचा काँग्रेस सिस्टिमवरचा १९६४ चा निबंध मी वाचला तो पन्नाशी उलटल्यावर. तोवरचं आयुष्य पंप आणि पाइपलाइनीत गेलं. कोठारी काही काळ आमच्या बडोद्याच्या विद्यापीठात शिकवत, म्हणून थोडी आपुलकीही होती. निबंध आजही मोलाचा आहे. पण एका सांध्यावर मला तो गळका वाटतो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: काँग्रेस हा सहमतीचा पक्ष, बाकीचे दबावाचे. विरोधक कडेला राहून काँग्रेसमधल्या गटांवर दाब आणतात. खरी स्पर्धा पक्षाच्या पोटातच चालते. एकच पक्ष सारखा जिंकूनही लोकशाही जिवंत कशी, याचं हे नेमकं उत्तर आहे.

पण आकडे बघा. १९६२ साली काँग्रेसला मतं जेमतेम ४५ टक्के, जागा मात्र ४९४ पैकी ३६१. निम्म्याहून जास्त मतदार बाहेरच. ही सहमती, की विरोधी मतं फुटल्याचा फायदा? कोठारींचा भर सहमतीवर आहे.

माझं आजोळ फोंड्याचं. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्याच्या २८ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. मगो सत्तेत, युनायटेड गोवन्स विरोधात. इथे कडेचेच मधे आले.

पुढचं जास्त बोलकं आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. मगोचा मुद्दा हरला. मार्चमध्ये विधानसभेला त्याच मगोला १६ जागा, आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री! मामा म्हणायचे, “लोक फिरले रे.” मीही वर्षानुवर्षं तेच धरून होतो. पण फुलाची मतं सुमारे ४४ टक्के होती. सरळ दुहेरी लढतीत एवढ्यावर हार होते. मतदारसंघांत वाटून, अनेक उमेदवारांत तेवढ्यावर राज्यही मिळतं. थोडे लोक फिरलेही असतील, पण मोजायचं माप बदललं होतं हे आधी बघायला हवं.

आपल्या मंडळाच्या लेखांत “जनतेने कौल दिला” हे वाक्य फार सहज येतं; माझ्याही आलंय. त्यात हरलेल्या बाजूची माणसं पुसली जातात. फुलाला मत देणारे माझे मामाही त्यातलेच. यापुढे जागा लिहिल्या की शेजारी मतंही लिहू या.