पंधरा ठिकाणं, दोन दिवस आणि एक पोट

मुंबईची खाद्ययात्रा आखणं आता सोपं झालंय. इन्स्टावर चार रील पाहायचे, सेव्ह करायचे, नकाशावर पिना टोचायच्या. धोबी तलावाला क्यानीत बन मस्का, माटुंग्याला कॅफे मद्रास, दादरला कीर्ती कॉलेजजवळचा अशोक वडापाव आणि आस्वादची मिसळ, रात्री महंमद अली रोड. मध्ये एखादी नवी बेकरी, जिथल्या क्रोसाँचा आडवा छेद गेल्या महिन्यात प्रत्येकाच्या फीडवर होता. दोन दिवसांत पंधरा ठिकाणं. पोट मात्र एकच.

या याद्यांची टिंगल करणं सोपं आहे आणि ती भरपूर होते. मला त्यात रस नाही. फूड रील हा आपल्या पिढीने सर्वात जास्त 'वाचलेला' समीक्षेचा प्रकार आहे. आपल्यातल्या कित्येकांनी पुस्तक परीक्षण आयुष्यात वाचलेलं नसेल, पण अशी चाळीस सेकंदांची परीक्षणं हजारोंनी पाहिलीयत. तेव्हा समीक्षा म्हणूनच त्याच्याकडे बघायला हवं.

त्याचं व्याकरण पक्कं आहे. पहिल्या तीन सेकंदांत दावा: 'मुंबईत येऊन हे खाल्लं नाही तर काय खाल्लं'. मग पदार्थ फाडणं, तोडणं किंवा त्यावर काहीतरी ओतणं. मग घास, मिटलेले डोळे, होकारार्थी मान. शेवटी किंमत आणि पत्ता. या प्रकाराने एक मोठं काम केलंय, ते मान्य करू. इंग्रजी पेपरच्या रविवार पुरवणीत अडकलेलं खाद्यलेखन त्याने बाहेर काढलं. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या पोराला इराण्याच्या हॉटेलात शिरण्याआधीच कळतं की चहा केवढ्याला आहे, काय मागवायचं आणि आपण तिथे विचित्र दिसणार नाही. किंमत आधी सांगणं ही साधी गोष्ट नाही. जुन्या, भारदस्त खाद्यसमीक्षेला तेवढं सौजन्य क्वचितच सुचलं.

अडचण दुसरीकडे आहे. रीलमध्ये वेळ नसते.

बेकरी म्हणजे मुळात वेळापत्रक. पीठ रात्री मळलं जातं, पाव पहाटे निघतो, दुसरा घाणा दुपारनंतर. पुण्याच्या कयानी बेकरीची दुपारची सुट्टी हा विनोदाचा विषय होतो, पण श्रूजबेरी खायची तर घड्याळ दुकानाचं पाळावं लागतं, आपलं नाही. रीलमध्ये मात्र सगळं सदासर्वकाळ गरम असतं. म्हणून त्यावरून आखलेली सहल अंतराच्या हिशेबाने चालते. आमच्या धंद्यात 'ट्रॅव्हलिंग सेल्समन' नावाचा प्रसिद्ध प्रश्न आहे: सगळी ठिकाणं एकेकदा घेऊन कमीत कमी अंतरात परत कसं यायचं? ठिकाणं वाढली की तो भयंकर अवघड होतो. पण खाद्ययात्रेत खरी अट अंतराची नसते, भुकेची असते. क्यानीतून माटुंग्याला पोचेपर्यंत बन मस्का पोटात तसाच असतो आणि समोरची इडली बिचारी फक्त फोटोपुरती उरते.

दुसरा प्रश्न: सगळ्या याद्यांत तीच ठिकाणं का? उत्तर 'पैसे देऊन करवून घेतात' एवढंच नाही. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा एक प्रयोग छापून आला. चौदा हजारांहून जास्त लोकांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. काहींना आधी ती किती जणांनी डाउनलोड केली ते दिसत होतं, काहींना नाही. दिसणाऱ्यांचेही आठ वेगवेगळे गट होते आणि हिट गाणी गटागणिक बदलली. फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आकडे दिसल्यावर वरची आणखी वर गेली.

व्हायरल बेकरीचं हेच आहे. ती बहुधा वाईट नसते. पण ती पहिली आणि तिच्यामागच्या गल्लीतली चाळीसावी, हे अंतर चवीचं असेलच असं नाही. २०१५ साली आस्वादच्या मिसळीला लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हटलं गेलं. मिसळ आदल्या दिवशी होती तशीच होती. बदलली होती तिच्याबद्दलची बातमी.

आणि यादी करणारा नेहमी काहीतरी विकतच असतो. मिशलिन गाइड १९०० साली निघालं ते टायरच्या कंपनीने काढलं म्हणून. लोक गाडी घेऊन लांब गेले तर टायर झिजणार. तारे द्यायला १९२६ मध्ये सुरुवात झाली. मिशलिनला तुमचे मैल हवे होते, रीलला तुमची मिनिटं हवीत. म्हणून मिशलिन तुम्हाला घराबाहेर काढत होतं आणि रीलचा खरा शेवट 'पुढचा रील' हा असतो.

मग यादी हा प्रकारच टाकाऊ का? नाही. अरुण कोलटकरांच्या २००४ साली आलेल्या 'काला घोडा पोएम्स' या इंग्रजी संग्रहात 'ब्रेकफास्ट टाइम ॲट काला घोडा' ही दीर्घ कविता आहे. तिच्यात मुंबईतल्या खाण्याच्या ठिकाणांची चक्क यादी येते: ऑलिंपिया, बगदादी, कैलाश परबत, वेसाइड इन, आणि कुठे काय मिळतं तेही. आजच्या भाषेत 'मस्ट ट्राय'. पण ती यादी क्रमांकाने बांधलेली नाही, घटकेने बांधलेली आहे. या एका वेळी शहर कुठे कुठे काय खातंय, एवढंच ती सांगते. आणि कविता थांबते ती यातल्या कुठल्याच हॉटेलात नाही. ती थांबते फुटपाथवर, इडल्यांचा डबा घेऊन आलेल्या बाईपाशी. शहराच्या हिशेबात नसलेली माणसं तिच्याभोवती जमतात, खातात, इडल्या संपतात, गर्दी विरते. रीलचा कॅमेरा ताटाकडे असतो. कोलटकरांची नजर खाणाऱ्यांकडे आहे. एवढाच फरक, पण खाद्यसमीक्षेचं सगळं इमान या फरकात आहे.

कारण खाणाऱ्यांकडे आणि करणाऱ्यांकडे न बघितल्याची किंमत असते. 'लाकडाची जुनी भट्टी' हे रीलमधलं आवडतं दृश्य: अंधार, ज्वाळा, लांब दांड्याचं फावडं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. कित्येक भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं भंगार लाकूड जळतं, कारण ते स्वस्त पडतं. म्हणजे तुमच्या आवडत्या दृश्याच्या एका बाजूला भट्टीपाशी उभ्या कारागिराची आणि वरच्या मजल्यावरच्या माणसांची फुप्फुसं आहेत. दुसऱ्या बाजूला भट्टी बदलण्याचा खर्च आहे, जो शेवटी पावाच्या लादीवर पडणार. आणि लादी ही सहलीची चीज नाही, वडापाव किंवा मिसळीवर दिवस काढणाऱ्याचं ते जेवण आहे. यात सोपी बाजू नाही. म्हणूनच समीक्षा लागते. मिटलेले डोळे आणि होकारार्थी मान यांत हा प्रश्न मावत नाही.

मी रील बघणं सोडा म्हणत नाही. मीही बघतो, सेव्हही करतो. फक्त सहल आखताना तीन गोष्टी करून बघा. पंधरातली अकरा ठिकाणं काढून टाका. उरलेल्यांपैकी एका ठिकाणी दोन्ही दिवस जा, एकदा सकाळी सातला आणि एकदा अकराला. पदार्थ तोच असेल, टेबलावरची माणसं बदललेली असतील: आधी कामावर निघालेले, नंतर आपल्यासारखे. आणि एक जेवण कुठल्याही यादीशिवाय करा, जिथे भूक लागेल तिथे.

जी शिफारस तुम्हाला कधी जायचं, कधी नाही जायचं आणि तिथे रोज कोण जातं हे सांगते, ती समीक्षा. बाकीची जाहिरात. मग ती फुकट केलेली का असेना.