गोंगाटाला सगळं ठाऊक असतं का?

श्रोतेहो, चांदवडला बोलायला उभा राहून समुद्रापासून सुरुवात करतो, याचं नवल वाटेल. समुद्र इथून दीडशेएक किलोमीटर. पण पावसाळ्यात तो खवळला की लाटांचा सूक्ष्म कंप जमिनीतून दूरवर पसरतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुधांशुकुमार बॅनर्जींनी तो अभ्यासला. त्यांचा निबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. तरी पुढे कित्येक वर्षं भूकंपाच्या नोंदीतला हा कचराच मानला गेला.

२००५ साली शापिरो, काम्पियो व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात नेमका तो कामाला लावला. दोन केंद्रांवरच्या महिनाभराच्या नोंदी एकमेकींवर सरकवून ताडून पाहिल्या. बाकी सगळं परस्परांना पुसून टाकतं. दोन्ही केंद्रांवरून गेलेल्या लाटांचा ठसा उरतो. किती सेकंद सरकवल्यावर जुळतं, त्यावरून लाटेचा वेग निघतो. भूकंपाची वाट बघायला नको. तळ्यावर पाऊस पडताना दोन बुचं तरंगत ठेवून त्यांचं हलणं टिपलं, तरी तत्त्व हेच.

इथवर उत्तम. पण ‘गोंगाटातच सगळं ज्ञान दडलेलं आहे’ असं जे सांगत सुटतात, त्याला माझा आक्षेप आहे. नैयायिक लगेच विचारील, उपाधी कोणती? अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. इंधन ओलं लागतं. इथलं ओलं इंधन म्हणजे लाटा सर्व दिशांनी सारख्या येणं. तळ्यावरचा पाऊस सगळीकडे पडतो. आपल्या पावसाळी समुद्राच्या लाटा मात्र मुख्यतः पश्चिमेकडून. दक्षिणोत्तर रेषेवरच्या दोन केंद्रांना त्या जवळजवळ एकाच वेळी गाठतात, मग वेग अशक्य मोठा दिसतो. यंत्र बरोबर, गणित बरोबर, निष्कर्ष खोटा! आणि दिशा तीच राहिली तर महिन्याऐवजी वर्षभर ऐकूनही दोष जात नाही.

शास्त्रज्ञ हे जाणतात. नोंद पुढे सरकवून आणि मागे सरकवून, दोन्ही उत्तरं जुळतात का ते तपासतात. लोकांना सांगताना मात्र ही तपासणीच गाळली जाते.

हा शब्दच्छल नव्हे. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आठवणारे इथे असतील. जमिनीतला वेग चुकीचा धरला, तर भूकंपाची जागा आणि खोलीही चुकते. तेव्हा पद्धत जरूर वापरावी. पण लाटा कुठून आल्या, हे आधी विचारावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.